तुमच्या भागातल्या बागेला पैसा कुठून आला? (अनुभव धागा)

आमच्या बागेत गेल्या वर्षी आमदार निधीतून ओपन जिम आली. फलक मोठा, त्यावरचा फोटो त्याहून मोठा. आता सायकलचं पॅडल निखळलंय आणि बागेचा वॉचमन म्हणतो, "ते आमच्याकडे नाही." निधी मिळवताना आणि नंतर बाग टिकवताना काय काय झालं, लिहा. पुढाऱ्यांची नावं नकोत, तपशील हवेत.

जुना_ओव्हरसियर: जिमच्या कार्यादेशाची, म्हणजे ठेकेदाराला काम दिल्याच्या आदेशाची, प्रत मागा. दोषदायित्व कालावधी, ज्याला ठेकेदार डीएलपी म्हणतात, संपला नसेल तर दुरुस्ती त्याच्याच खर्चाने. प्रत दिली नाही तर १० रुपये भरून माहिती अधिकाराचा अर्ज टाका.
खरी गोम वेगळीच. खासदार निधी वर्षाला ५ कोटी, पण तो टिकाऊ मालमत्ता उभारायला. माळ्याचा पगार त्यातून निघत नाही. केंद्राच्या शहरांसाठीच्या अमृत योजनेतही बागांना वाटा होता, प्रकल्पखर्चाच्या २.५ टक्क्यांपर्यंत, तोही बांधणीलाच. म्हणून कारंजं दणक्यात सुरू होतं आणि पुढच्या उन्हाळ्यात त्यात पालापाचोळा. कारंजं मागण्याआधी पंपाचं वीजबिल कोण भरणार ते विचारा. (नोकरीत असताना हे बोलायची सोय नव्हती!)

सदाफुली: काका, अगदी! पुण्यात २००६ पासून अर्थसंकल्पासाठी नागरिकांना कामं सुचवता येतात. आम्ही बागेच्या दारातल्या पायरीवर रॅम्प मागितला, मिळाला. अर्जात 'सुशोभीकरण' असलं मोघम काही लिहू नका. नेमकी जागा, फोटो आणि व्हीलचेअरवाल्या आजोबांची अडचण, एवढंच लिहिलं होतं.

एडिसनकर: इथे न्यू जर्सीत बऱ्याच काउंट्या (आपल्याकडच्या जिल्ह्यांसारख्या) मालमत्ता कराबरोबर मोकळ्या जागांसाठी वेगळा कर घेतात. आधी मतपत्रिकेवर प्रश्न येतो, लोक 'हो' म्हणाले तरच. मोकळ्या जागा राखायची राज्याची ग्रीन एकर्स योजना तर १९६१ची. स्वतःहून कर वाढवून घेणारी माणसं बघून माझ्यातला सदाशिवपेठी हादरला होता.

गल्लीक्रिकेट: आमचं मैदान पालिकेने देखभालीला एका मंडळाकडे दिलं. हिरवळ झकास, पालिकेचा खर्च वाचला. पण दुपारी कुलूप, बॅटबॉलला मनाई. पोरं आता सोसायटीच्या पार्किंगमध्ये खेळतात आणि गाड्यांच्या काचांवरून रोज भांडणं. तुमच्याकडे असा करार होत असेल तर उघडायच्या वेळा आणि खेळायची मुभा त्यातच लिहून घ्या. नंतर कुणी ऐकत नाही.