पोरांना टेकडीवर न्यायचंय, मोबाईलसकट. काय काय वापरू?

टेकडीशेजारीण: नमस्कार मंडळी. कोथरूडला आमच्या सोसायटीतली सहावी ते आठवीची दहाबारा पोरं आहेत, थंडी आहे तोवर रविवारी सकाळी वेताळ टेकडीवर न्यावं म्हणतेय. झाडांतलं मला थोडंफार कळतं, पक्ष्यांत मोर नि कावळा सोडला तर आनंदच. पोरं मोबाईल सोडणार नाहीत हे धरूनच चाललेय. तर ॲप कुठलं, वस्तू काही घ्याव्यात का, नि कुणी हे खरंच करून बघितलंय का? बजेट फार नाही, वर्गणी काढायचीय.

पतंगवेडा: ताई, सीक नावाचं ॲप टाका पहिलं. आयनॅचरलिस्ट म्हणजे झाडं-प्राण्यांच्या नोंदी टाकायची साइट, त्यांचंच आहे पण अकाउंट लागत नाही, कॅमेरा पानावर किंवा किड्यावर धरला की नाव सांगतं, नाहीतर निदान कुळापर्यंत तरी पोचवतं. आयनॅचरलिस्टला स्वतःचं अकाउंट काढायला १३ वर्षं पूर्ण लागतात, म्हणजे तुमची बरीचशी पोरं बाद, तेव्हा ग्रुपचं एकच अकाउंट तुमच्या नावावर काढा आणि चांगले फोटो त्यावर टाका, तिथे खरी माणसं येऊन ओळख तपासतात ती मजा सीकमध्ये नाही. पक्ष्यांना मर्लिन, आवाज ऐकून नाव सांगतं, भारताचा पॅक घरूनच वायफायवर उतरवून घ्या म्हणजे टेकडीवर रेंज गेली तरी चालतं.

निवृत्त_मास्तर: माझं स्पष्ट मत, मोबाईल घरी ठेवा. वही, पेन्सिल, एक दुर्बीण बास. नाव कळलं की पोरांचं बघणं संपतं, शाळेत आयुष्यभर हेच पाहिलं. "सर हा कोतवाल" म्हणाला की झालं, शेपूट दुभंगलेलं आहे का, तो गाईम्हशींच्या मागे मागे का फिरतो, काही नाही.

पतंगवेडा: मास्तर, दुखणं बरोबर पण औषध जालीम आहे हो 😀 आम्ही एक नियम लावलाय, चार पोरांत एक फोन, आणि तो उघडायच्या आधी तीन गोष्टी तोंडाने सांगायच्या, रंग सोडून. चोच कशी, बसलाय कुठे, करतोय काय. मग ॲप. ॲप चुकलं की पोरंच भांडतात त्याच्याशी, आणि चुकतं ते. कोतवाल शिक्रा या शिकारी पक्ष्याच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करतो, मर्लिन फसू शकतं. झाडांचंही तेच, नुसतं एक पान दाखवलं तर काहीही सांगेल, पानाच्या दोन्ही बाजू, साल आणि असेल तर फूल-फळ असे वेगवेगळे फोटो काढायला लावा.

एक मात्र कडक ठेवा: फोनवर पक्ष्याचा आवाज लावून त्याला जवळ बोलवायचं नाही, आणि घरट्याचा फोटो लोकेशनसकट टाकायचा नाही.

देवगडकर: यूव्ही (अतिनील) टॉर्च घ्या!! रात्री विंचवावर मारली की हिरवट निळा चमकतो, पोरं वेडी होतात, आमच्याकडे कातळावर भरपूर

डॉक्टरीणबाई: देवगडकर, जरा दमानं. तुमच्या कोकणातलाच लाल विंचू तो, लहान मुलांना त्याचा दंश जिवावर बेतू शकतो. महाडच्या डॉ. बावस्करांनी प्रॅझोसिन या औषधाची उपचारपद्धती आणायच्या आधी किती मुलं दगावायची ते जुन्या लोकांना विचारा. बूट, मोठी माणसं, दगड उचलायचे नाहीत, हे सगळं असेल तरच, आणि माझ्या मते पहिल्या वर्षी नकोच. त्यापेक्षा गच्चीवर पांढरी चादर टांगून दिवा लावा, पतंग आपणहून येतात. हे पावसाळ्यात मस्त होतं, थंडीत कमी येतात.

टेकडीशेजारीण: विंचू कॅन्सल 🙏 पण एकदाच जाऊन नाव बघून परत, असं नको वाटतं. सारखं जाण्यासारखं काय?

सावरीचाकापूस: सीझनवॉच! झाडांच्या नोंदी ठेवायचा उपक्रम आहे. प्रत्येक पोराने एक झाड दत्तक घ्यायचं, आठवड्यातून एकदा बघायचं, कोवळी पानं, जून पानं, कळ्या, फुलं, फळं, प्रत्येकाला नाही, थोडी किंवा खूप एवढंच नोंदवायचं. केरळातल्या शाळा यात कधीच्या पुढे आहेत, आपणच मागे. सोसायटीतला आंबा किंवा बहावा घेतला तरी चालतो, टेकडीवर पळस घ्या, फेब्रुवारी-मार्चात पानं झडून फुलतो तेव्हा पोरांना आपसूक कळतं की आपण इतके दिवस काय टिपत होतो. आणि फेब्रुवारीतच चार दिवस ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट असतो, किमान पंधरा मिनिटं दिसतील ते पक्षी मोजून ईबर्ड या पक्षीनोंदींच्या साइटवर यादी टाकायची, पोरांची चिकाटीही तेवढीच असते 😅

वर्गणी निघाली तर फोल्डस्कोप एक-दोन घ्या, कागदाचा घडीचा मायक्रोस्कोप, स्टॅनफर्डच्या मनू प्रकाश यांच्या टीमचा, सुमारे १४० पट मोठं दाखवतो. त्याला मोबाईल चिकटवला की फोटोही निघतो. डबक्यातल्या पाण्याचा थेंब नि पळसाचे परागकण, यात अख्खी सकाळ जाते.

निवृत्त_मास्तर: ते झाडाचं पटलं. मात्र नोंद आधी वहीत, मग फोनमध्ये.

टेकडीशेजारीण: चालेल मास्तर, वह्या तुमच्याकडे लागल्या, येताय का रविवारी? सहा वाजता, एआरएआय संस्थेच्या बाजूने चढणार.

निवृत्त_मास्तर: सहाला अंधार असतो थंडीत. पावणेसात करा, येतो.