तुरीला भुंगा लागलाय, कोठीत गोळ्या टाकू का? त्याच खोलीत मुलं झोपतात

बार्शीकरीण

नमस्कार. आमचं गाव बार्शी तालुक्यात. यंदा घरी खायला म्हणून मालदांडी ज्वारीची सहा पोती आणि तुरीची दोन पोती ठेवलीत, बाकीचं आडतीवर गेलं. तूर जानेवारीपासून पोत्यातच आहे. काल पोतं सोडलं तर दाण्यांवर पांढरे ठिपके दिसले, काही दाण्यांना भोकंही पडलीत. ज्वारी आत्ताच मळून आलीय, ती अजून चांगली आहे.

मिस्टरांनी दुकानातून गोळ्यांची डबी आणली. दुकानदारानं सांगितलं, फडक्यात पुरचुंडी करून कोठीच्या तळाला, मध्ये आणि वर ठेवा, झाकण लावा, वर्षभर बघायला नको. पण कोठ्या मधल्या खोलीत आहेत आणि तिथंच मुलं आणि सासूबाई झोपतात. डबीवर कवटीचं चित्र आहे. सासूबाई म्हणतात, सगळा गाव टाकतो, काही होत नाही. मला धीर होत नाही. डबी अजून फोडलेली नाही. गोळ्यांशिवाय धान्य टिकेल का? कडुनिंबाचा पाला आणि राख घालायचे पूर्वी, त्यानं खरंच काही होतं का?

निवृत्त कृषी सहायक

ताई, डबी फोडू नका. घराबाहेर, कोरड्या जागी, कुलपात ठेवा आणि उद्या दुकानात परत करा. विहिरीत, गटारात, उकिरड्यावर किंवा चुलीत टाकू नका. दुकानदार घेत नसेल तर पंचायत समितीतल्या कृषी अधिकाऱ्यांना सांगा.

आता कारण सांगतो, म्हणजे घरात सगळ्यांना पटवता येईल. त्या गोळीत अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइड असतं. हवेतली किंवा धान्यातली ओल लागली की त्यातून फॉस्फीन नावाचा वायू सुटतो. तीन ग्रॅमच्या एका गोळीतून एक ग्रॅम वायू. किडे मरतात ते ह्या वायूनं, आणि तो माणसालाही सोडत नाही. त्यावर उतारा नाही. डॉक्टर श्वास आणि रक्तदाब सांभाळू शकतात, विष उतरवणारं औषध त्यांच्याकडे नसतं. लसणासारखा किंवा कुजक्या माशासारखा वास येतो, पण झोपेत वास कुणाला कळणार? सुरुवातीला मळमळ, उलट्या, डोकेदुखी, छातीवर दडपण. घरच्यांना वाटतं रात्रीचं जेवण बाधलं, आणि पेशंटला पुन्हा त्याच खोलीत झोपवतात. नोकरीत असताना गावोगाव सभा घेताना मी हे एकच वाक्य सगळ्यात जास्त वेळा बोललो असेन: धान्याच्या खोलीत झोपलेल्या माणसाला उलट्या झाल्या तर आधी त्याला मोकळ्यावर आणा, मग काय खाल्लं ते विचारा.

गोदामात ह्याच गोळ्या वापरतात, हे खरं. पण तिथं थप्पीवर जाड आच्छादन घालतात, कडा वाळूच्या लांब पिशव्यांनी दाबतात, माणसं बाहेर काढतात, आणि उघडताना वायू मोजून मगच आत जातात. पत्र्याच्या कोठीचं झाकण वायू अडवत नाही. कायद्यानंही ही गोळी घरगुती वापरासाठी नाही, ती सरकारी यंत्रणा आणि धुरी देणाऱ्या प्रशिक्षित लोकांसाठी आहे. दहा आणि वीस गोळ्यांच्या छोट्या नळ्यांवर तर केंद्र सरकारनं २००१ मध्येच बंदी घातली. गाव टाकतो म्हणता, तर ज्यांची कोठी पडवीत आहे, घर कौलारू आहे, वारा खेळतो, ते वाचतात. बंद स्लॅबच्या खोलीत तसं होईलच असं नाही.

आता तुरीचं. ते पांढरे ठिपके म्हणजे भुंग्याची अंडी. हा भुंगा बहुतेक वेळा शेतातच शेंगेवर अंडी घालतो, मळणीबरोबर पोत्यातून घरी येतो आणि मग साठवलेल्या दाण्यांवरही अंडी घालत राहतो. अळी दाण्याच्या आत वाढते आणि उन्हाळ्यात महिन्याभरात पुढची पिढी तयार होते. म्हणून जानेवारीत चांगली दिसलेली तूर एप्रिलमध्ये भोकाळते. तुमची अजून वाचण्यासारखी आहे. पाखडून, चाळून घ्या. मग कडक ऊन. सोलापूरचं ऊन ह्या कामाला औषधापेक्षा कमी नाही, फक्त ते नीट वापरायला हवं. कलिंगडाच्या पिकाखाली अंथरतात तो प्लास्टिकचा मल्चिंग पेपर न वापरलेला असेल तर काळी बाजू वर करून अंथरा, त्यावर तुरीचा दोन बोटं जाडीचा थर, त्यावर पारदर्शक प्लास्टिक, कडेनं दगड-माती. सकाळी अकरा ते तीन. आतलं तापमान साठ अंशांच्या आसपास गेलं की तासाभरात दाण्यातली अळीसुद्धा मरते. नुसत्या ताडपत्रीवर वाळवलं तर वरचे भुंगे उडून जातात, आतली अळी राहते. बियाण्याची तूर असेल तर मात्र असं प्लास्टिक घालू नका, उगवण बिघडायची जोखीम कशाला?

ऊन दिलं की लगेच कोठीत भरू नका. रात्रभर पसरून गार होऊ द्या. गरम धान्य भरलं की कोठीला आतून घाम सुटतो आणि वरच्या थराला बुरशी येते. आणि माझं ऐकाल तर दोन्ही पोत्यांची डाळच करून घ्या. भुंग्याला अंडी घालायला आणि अळीला वाढायला अख्खा दाणा लागतो, डाळीवर त्याचं फारसं चालत नाही.

ज्वारीला भुंगा नाही, टोके लागतात, आणि ते ओलीवर वाढतात. दाताखाली कट्ट आवाज आला तर वाळली असं आपण म्हणतो, ते बरोबर आहे. अजून खात्री हवी तर कोरडी काचेची बरणी घ्या, एक तृतीयांश ज्वारी भरा, दोन-तीन चमचे अगदी कोरडं मीठ टाका, मिनिटभर हलवा आणि पंधरा मिनिटं ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर ओल पंधरा टक्क्यांच्या वर आहे. चिकटलं नाही तरी अजून एक-दोन उन्हं द्या, साठवणीला बारा टक्के किंवा त्याखाली हवी.

मग हवाबंद पिशवी. पोत्याच्या आत घालायची जाड प्लास्टिकची पिशवी मिळते, कृषी सेवा केंद्रात विचारा. तोंडापर्यंत भरा, हवा दाबून काढा, पिळून घट्ट बांधा. दाणे आणि किडे आतला प्राणवायू वापरून टाकतात आणि किडे उपासमारीनं नव्हे, गुदमरून थांबतात. आपल्याकडची ज्वारीची पेवं, म्हणजे धान्य साठवायचे जमिनीतले खड्डे, ह्याच तत्त्वावर चालायची. पेव उघडलं की लगेच कुणाला आत उतरू देत नसत, आधी वारा लागू देत, ते ह्याचसाठी. एक अट आहे: पिशवी रोज सोडायची नाही. महिन्याला लागेल तेवढी ज्वारी वेगळ्या डब्यात काढा, बाकीला हात लावू नका. पोती फरशीवर नको, फळ्यांवर ठेवा, भिंतीपासून हातभर लांब.

राख दाण्यांमधल्या फटी भरते आणि किड्याच्या अंगावरचा मेणचट थर खरडते, त्यामुळे किडा सुकून मरतो. पण ती भरपूर लागते, आणि भाकरीच्या ज्वारीतून ती काढत बसावी लागते. बियाण्याला उत्तम. कडुनिंबाचा सावलीत वाळवलेला पाला किड्याला दूर ठेवतो, दाण्यात शिरलेल्या अळीला काही करत नाही. ओला पाला घातला तर उलट ओल वाढते. घाला, पण त्याच्या भरवशावर राहू नका.

गटाची_डाळ

आमचा बायकांचा गट डाळ करतो. थोडी तूर अख्खी ठेवायची असेल तर ऊन देऊन गार झाल्यावर किलोला पाच मिली गोडं तेल हातानं चोळून लावा, प्रत्येक दाण्याला लागलं पाहिजे. अंडं दाण्याला चिकटत नाही, चिकटलेलं गुदमरतं. हरभऱ्याला, मुगालाही चालतं. घरचं म्हणून सांगते, तेल मोजून लावा, जास्त झालं तर खवट वास येतो.

पंढरपूर_रोड

गोळ्या नको तर पाऱ्याच्या टिकड्या चालतील का? किराणा दुकानात मिळतात, वास नाही. आणि बोरिक पावडर? आमच्याकडे तांदळाला आई तीच लावते.

निवृत्त कृषी सहायक

दोन्ही नको. पारा साध्या खोलीच्या तापमानालाही उडतो, त्याला वास नाही म्हणून तो सुरक्षित होत नाही. टिकडी फुटली तर पारा धान्यात मिसळतो, आणि लहान मुलांच्या मेंदूला तो सगळ्यात वाईट. बोरिक पावडर खाण्यात घालायला परवानगी नाही. तांदूळ आपण तीनदा धुतो म्हणून आईंचं निभावतं, धुतल्यावरही सगळी जाईल असं नाही. ज्वारी आणि गहू आपण धुवून दळत नाही, लावलेलं सगळं भाकरीत येतं. तांदूळ थोडा थोडा आणा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

बार्शीकरीण

काका, खूप आभार. डबी मिस्टर परत करणार आहेत. पण आता दुसरंच कळलं. आमची थोरली जाऊ पलीकडच्या खोलीत राहते. भिंत एकच आहे, पण ती वर पत्र्यापर्यंत गेलेली नाही, हातभर मोकळं आहे. त्यांनी परवाच कोठीत गोळ्या टाकल्यात. दोन रात्री झाल्या, कुणाला काही झालेलं नाही. मग आता धोका टळला ना?

निवृत्त कृषी सहायक

नाही ताई, टळलेला नाही. दोन्ही घरं आत्ता रिकामी करा. जाऊबाईंच्या घरातले, तुमचे, आजी, मुलं, दारात बांधलेलं जनावर, सगळे बाहेर. दारं-खिडक्या उघडून लगेच निघा. कोठी उघडायला किंवा गोळ्या काढायला कुणीही आत जाऊ नका, आणि पाणी तर अजिबात ओतू नका, पाण्यानं वायू एकदम सुटतो आणि पेटही घेतो. सध्याच्या कोरड्या हवेत आणि वाळलेल्या ज्वारीत गोळी सावकाश विरघळते, वायू बरेच दिवस सुटत राहतो. दोन रात्री निभावल्या म्हणून तिसरी निभावेल असं समजू नका. एखाद्या रात्री वारा पडतो, आभाळ येतं, हवेत ओल येते.

सकाळी तालुका कृषी कार्यालयात फोन करून धुरीचं काम करणारा प्रशिक्षित माणूस मागवा. त्यानं वायू मोजून सांगितल्याशिवाय कुणी आत झोपायचं नाही. कुणालाही मळमळ, चक्कर, छातीत जड वाटलं तर १०८ ला फोन करा आणि डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगा की धान्यातल्या गोळ्यांचा वायू गेलाय. गोळ्यांच्या नावाचा फोटो असेल तर दाखवा, डबी बरोबर नेऊ नका.

जाऊबाईंना दोष देत बसू नका, त्यांनाही दुकानदारानंच सांगितलेलं असणार.

बार्शीकरीण

सगळे भावकीच्या वाड्यात आलोय. जाऊबाईंनी आधी ऐकलं नाही, मग तुमचा मजकूर मोठ्यानं वाचून दाखवला. सकाळी फोन करतो.

पंढरपूर_रोड

बरं झालं. काका, जाता जाता एक विचारतो. आमच्या भुईमुगाच्या शेंगांना काळी-हिरवी बुरशी आलीय. खायला नाही, पण म्हशीला घातल्या तर चालतील का? फेकायला जीव होत नाही.

निवृत्त कृषी सहायक

घालू नका. ती हिरवी बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचं विष सोडते. भाजून, उकळून ते जात नाही, आणि म्हशीच्या पोटातून दुधात उतरतं. ते दूध तुमच्याच घरातली मुलं पिणार. काळवंडलेल्या, सुरकुतलेल्या, बुरशीच्या शेंगा निवडून खड्ड्यात पुरा, तेलघाणीलाही देऊ नका. चांगल्या शेंगा आजच उन्हात टाका, खुळखुळा वाजेपर्यंत वाळवा आणि ज्यूटच्या पोत्यात फळीवर ठेवा. निवडताना नाकाला फडकं बांधा.