घरघर लिहू की नको?

अनुस्वार: नर्सिंगच्या विद्यार्थिनींसाठी श्वसनसंस्थेच्या तपासणीचं प्रकरण मराठीत आणतेय. पाहणं, चाचपणं, बोटांनी ठोकून बघणं, स्टेथोस्कोपने ऐकणं, इथवर सुखात आले. 'व्हीझ'ला 'घरघर' लिहिलं, तर तपासणाऱ्या सिस्टरांनी तांबड्या शाईने खोडून समासात शेरा मारला, "पेशंट अजून जिवंत आहे." आमच्या घरात दमेकऱ्याची छाती घरघरतच असे. चुकलं काय?

रात्रपाळी: सिस्टरांचं बरोबर आहे. मी एकदा सहज बोलून गेले, "छातीत जरा घरघर आहे." अर्ध्या तासात सगळे नातेवाईक खाटेभोवती. पेशंट उठून बसलेला, पंखा वाढवा म्हणत होता! शिवाय आवाजही वेगळा. व्हीझ बारीक, शिट्टीसारखी, बहुतेक वेळा श्वास सोडताना. घरघर जाड, कफाची, खोकल्यावर कमी होऊ शकते, ती रॉन्काय (एकवचनी रॉन्कस). दोघांना एकच शब्द दिलात तर पोरींनी नोंद काय करायची?

पाणिनीचा शेजारी: 'घर्घर' हा संस्कृतातला साधा ध्वन्यनुकारी शब्द. मरणाशी त्याचं लग्न वर्तमानपत्रांनी लावलं. कारखान्याला घरघर, पक्षाला घरघर. व्हीझला 'सीत्कार' घ्या आणि मोकळे व्हा.

रात्रपाळी: "दोन्ही फुप्फुसांत सीत्कार" असं लिहून राउंडला तुम्ही उभे राहा. मी रजा टाकते.

निमूट: हा पेच फ्रेंच डॉक्टर लेनेकलाही पडला होता. १८१६ साली त्याने कागदाची सुरळी करून छातीला लावली, त्यातून स्टेथोस्कोप आला. छातीतल्या जादा आवाजांना त्याने फ्रेंच 'राल' हा शब्द वापरला. पण फ्रेंच कानाला 'राल' म्हणजे शेवटची घरघर! म्हणून रुग्णासमोर तो लॅटिन 'रॉन्कस' म्हणायचा. म्हणजे रॉन्कस या शब्दाचं निम्मं काम रुग्णाला न कळणं हेच होतं.

अनुस्वार: मग हा पुरावा कुणाच्या बाजूने?

पाणिनीचा शेजारी: माझ्या. त्यानेही अभिजात भाषेकडेच हात पसरला.

रात्रपाळी: माझ्या. तो पेशंटचा चेहरा बघून बोलायचा.

व्युत्पत्तीवेडा: 'क्रॅकल्स'ला काय केलंत? तापल्या भांड्यात मीठ तडतडावं तसा आवाज, ही उपमाही लेनेकचीच. मला मात्र तडतड फार मोठी वाटते. कानाशी केसांची बट बोटांत चोळून बघा, बारीक क्रॅकल्स तशाच. मला 'चुरचुर' ऐकू आलं, बायकोला 'करकर'. तासभर वाद झाला.

अनुस्वार: मी 'चरचर' लिहिलंय, आता राहू दे. पुढे चाचण्या आहेत. 'स्पुटम'ला 'थुंकी' चालेल ना?

रात्रपाळी: अजिबात नको. थुंकी म्हटलं की लोक डबीत लाळ आणून देतात. सकाळी उठल्यावर चूळ भरून, खोल श्वास घेऊन, छातीतून खोकून काढलेला बेडका हवा. मी तर खोकून दाखवते.

पाणिनीचा शेजारी: बेडका हा ग्राम्य शब्द. 'कफ' आहे की.

रात्रपाळी: अहो, कफ म्हटलं की माणूस स्वतःची प्रकृती सांगायला लागतो, वात-पित्तासकट. डबी रिकामीच.

व्युत्पत्तीवेडा: बेडका बेडकावरून आला असणार. टुणकन बाहेर पडतो.

पाणिनीचा शेजारी: हे ऐकून पाणिनी घर सोडून गेला.

निमूट: स्पायरोमेट्रीच्या, म्हणजे यंत्रात श्वास सोडून फुप्फुसांची ताकद मोजण्याच्या, सूचनेत 'फुंकर मारा' लिहिलं असेल तर तेही बदला. फुंकर हळुवार असते, जखमेवर घालतात ती. इथे छाती भरून श्वास घ्यायचा, एकदम जोर लावायचा आणि निदान ६ सेकंद, आत काही उरेनासं होईपर्यंत, सोडतच राहायचं.

रात्रपाळी: "फुंका, फुंका, अजून फुंका!" आम्ही ओरडतो. बाहेर बसलेल्यांना भांडण वाटतं.

अनुस्वार: सगळं लिहून घेतलं. पण घरघरीचं काय? उद्या पानं परत द्यायची आहेत.

व्युत्पत्तीवेडा: थांबा, काही जण 'बडखा' म्हणतात. मग बेडक्याचा बडखा झाला की बडख्याचा बेडका?

पाणिनीचा शेजारी: बडखा आधीचा. ऐका, सांगतो...