‘करून पहा’खाली उत्तरच छापलं, तर पोरांनी पाहायचं काय?

शिक्षिका, वणी तालुका
काल इथं एका सरांनी लिहिलं, ‘खेड्यातल्या पोरांना विश्लेषण झेपत नाही, पुस्तकातल्या कृती सोप्याच बऱ्या.’ तेव्हापासून डोकं तापलंय. झेपतं की नाही हे कळायला कृती तर तशी हवी! ‘करून पहा’ म्हणायचं अन् दोन ओळींखाली निष्कर्ष छापायचा. पोरं तोच वहीत उतरवतात. ब्लूम या शिक्षणतज्ज्ञानं विचारांच्या पायऱ्या मांडल्या, त्यांत ही पहिलीच, स्मरणाची. माझ्या पाचवीतल्या मुलीनं कपाशीचं बोंड आणलं. बाहेरून हिरवंगार, छिद्र कुठंच नाही. फोडलं तर आत गुलाबी अळी, सरकी पोखरलेली. ‘मॅडम, दार नाही, मग ही घुसली कुठून?’ हे विश्लेषण नाही तर काय?

दोनशिक्षकी
ते सर मीच. चार वर्ग, शिक्षक दोन, त्यातला एक मतदारयादीच्या कामावर. तिसरीला प्रश्न टाकला की पहिलीची पोरं उठून पळतात. छापील निष्कर्षानं धडा तरी पुरा होतो. 2023 ला सरकारनं पुस्तकाचे चार भाग करून धड्यांमागं कोरी पानं जोडली, तेव्हा आम्हाला विचारलं कोणी?

पोरीचा बाप, आर्णी
कोरी पानं कामाचीच होती. माह्या पोरीनं त्याच्यावर डोमकळी, म्हंजे अळीनं न उमललेलं कपाशीचं फूल, काढली होती. बंद काहून केली?

दोनशिक्षकी
कामाची? बहुतेक पोरं त्यावर फळ्यावरचंच लिहीत. दप्तराचं ओझं कमी होईल म्हणाले, अन् वह्या सुटल्याच नाहीत.

पोरीचा बाप, आर्णी
तुमी फळ्यावर लिहून देल्लं म्हून त्याहीनं उतरवलं! पानाचा काय दोष? शेतात या एक दिवस, पोट्टे काय काय इचारतात ते आयका.

दोनशिक्षकी
शेतात राबूनच शिकलोय भाऊ. मला शेत दाखवू नका.

शिक्षिका, वणी तालुका
पानं बाजूला ठेवा. मध्य प्रदेशात होशंगाबादला 1972 मध्ये 16 शाळांतून विज्ञान शिकवण्याचा एक कार्यक्रम सुरू झाला. तीही खेड्यातलीच पोरं. प्रयोग करून उत्तर शोधत, परीक्षेला पुस्तक उघडं ठेवत.

दोनशिक्षकी
त्यांच्या शिक्षकांना प्रशिक्षण होतं, महिन्याच्या बैठका होत्या. तरी 2002 ला सरकारनं बंद केलंच. मला काय आहे? कुलपातली विज्ञानपेटी. बरं, ‘झेपत नाही’ हे चुकलं माझं, ‘मला वेळ नाही’ म्हणायला हवं होतं. पण त्या मुलीला उत्तर काय दिलंत?

शिक्षिका, वणी तालुका
दिलं नाही. दहा कोवळ्या बोंडांना दोरे बांधलेत, दर चार दिवसांनी एक फोडतो. अंड्यातून निघालेली अळी बारीक असते, ती शिरल्यावर भोक बुजून जातं, हे तिचं तिलाच सापडू दे.