आठ ते बारा वयाच्या मुलांना कोणती नवी गोष्ट भिडली? अनुभव सांगा

आठ ते बारा हे वाचनातलं अडनिडं वय. चित्रांची पुस्तकं ‘लहान बाळांची’ वाटू लागतात आणि मोठ्यांच्या कादंबऱ्या अजून झेपत नाहीत. अशा वेळी आपण मोठी माणसं हमखास आपल्या लहानपणची पुस्तकं पुढे करतो. ती चांगलीच आहेत. पण गेल्या दहा-पंधरा वर्षांत या वयासाठी इतकं ताजं आणि धीट लेखन झालंय की ते मुलांपर्यंत पोचायलाच हवं. म्हणून हा धागा. नुसती यादी नको. कुठलं पुस्तक, कुठल्या मुलाला आणि नेमकं कुठे भिडलं, ते लिहा.

सुरुवात मी करते. पीटर ब्राऊन यांचं ‘द वाइल्ड रोबॉट’, २०१६ सालचं. रॉझ नावाची रोबॉट माणसांचा मागमूस नसलेल्या बेटावर येऊन पडते. कड्यावरून कोसळताना तिच्याखाली रानहंसांचं घरटं चिरडलं जातं. एकच अंडं वाचतं आणि त्यातून निघालेलं पिल्लू ती वाढवते. आम्ही हे रात्री मोठ्याने वाचत होतो. घरट्याच्या प्रसंगाला माझ्या मुलीने पुस्तक माझ्या हातातून काढून घेतलं, पान मागे उलटलं, पुन्हा वाचलं आणि विचारलं, “तिला कळलं का, आपण काय केलं ते?” मी गप्प राहिले, कारण त्या प्रश्नाचं उत्तर पुढच्या पानांतच होतं. ज्याचं घर आपल्या हातून मोडलं त्याची आई व्हायचं, हे आठ वर्षांच्या मुलीला बरोबर कळतं. प्रकरणं अगदी छोटी आहेत, त्यामुळे “आई, अजून एकच” हे रोज ऐकावं लागतं आणि ऐकावंसंही वाटतं. २०२४ साली सिनेमा आला. तो आधी पाहिलेला असला तरी पुस्तक जरूर द्या. त्यातला संथपणा पडद्यावर नाही.

दोन मुलांचे बाबा

माझा धाकटा पुस्तक पाहिलं की उठून जायचा. त्याला जेरी क्राफ्ट यांची ‘न्यू किड’ (२०१९) आणून दिली, ती पूर्णपणे चित्रकादंबरी आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांचं म्हणणं, “हे काय वाचन झालं?” त्यांना मी एवढंच सांगितलं की अमेरिकेत मुलांच्या उत्तम पुस्तकाला १९२२ पासून दिलं जाणारं न्यूबेरी पदक २०२० मध्ये याच पुस्तकाला मिळालं आणि चित्रकादंबरीला ते मिळण्याची ती पहिलीच वेळ होती.

जॉर्डन हा चित्रं काढणारा कृष्णवर्णीय मुलगा एका श्रीमंती शाळेत नव्याने जातो. मधूनमधून त्याच्या वहीतली काळी-पांढरी चित्रं येतात. माझ्या मुलाने तीच आधी शोधून काढली. जॉर्डन घरून शाळेत जातो त्या प्रवासात वस्ती बदलेल तसं त्याचं बसणं, वागणं बदलत जातं, आणि हे सांगायला शब्द जवळपास नाहीतच. मुलगा त्या पानावर बोट ठेवून म्हणाला, “हा इथे घाबरलाय, पण दाखवत नाहीये.” ओळींमधलं वाचणं म्हणतात ते याहून वेगळं काय असतं? ज्यांची मुलं वाचत नाहीत त्यांनी चित्रकादंबरीला कमी लेखू नये, असं मी अगदी कळकळीने सांगतो.

एक शिक्षिका

वर्गात मोठ्याने वाचायचं असेल तर ओंजली रऊफ यांचं ‘द बॉय अ‍ॅट द बॅक ऑफ द क्लास’ (२०१८). सीरियातल्या युद्धातून सुटून आलेला नऊ वर्षांचा अहमत वर्गात शेवटच्या बाकावर येऊन बसतो. तो बोलत नाही, हसत नाही. वर्गातली काही मुलं त्याच्याशी मैत्री करायची ठरवतात आणि त्याच्या हरवलेल्या आईबाबांसाठी एक अचाट योजना आखतात. लेखिकेने स्वतः निर्वासितांच्या छावण्यांत मदतीचं काम केलं आहे, त्यामुळे कीव करण्याचा सूर कुठेही नाही.

यात एक गंमत आहे, ती आधी फोडू नका. गोष्ट सांगणारं मूल कोण, त्याचं नाव काय, हे बराच काळ कळत नाही. मी निम्म्यावर थांबून सगळ्यांना म्हटलं, गोष्ट सांगणाऱ्याचं चित्र काढा. कुणी चष्मा काढला, कुणी दोन वेण्या, बहुतेकांनी आपल्यासारखंच कुणीतरी काढलं. ती चित्रं भिंतीवर लावली आणि पुस्तक संपेपर्यंत रोज त्यांच्यापुढे उभं राहून वाद व्हायचे. “ती मुलगी असती तर असं बोललीच नसती,” असं एकजण म्हणाला, त्यावर मुली जे तुटून पडल्या! मला त्यात एक शब्दही बोलावा लागला नाही.

एक ग्रंथपाल

पालक विचारतात, “दहा वर्षांच्या मुलासाठी काय आहे?” मी उलट विचारते, त्याला काय आवडतं, रिकाम्या वेळात काय करतो? वय हा धागा सगळ्यात कच्चा. मुलांना साधारण आपल्यापेक्षा वर्ष-दोन वर्षं मोठ्या मुलांच्या गोष्टी हव्या असतात, म्हणून नायक बारा वर्षांचा असला तर नऊ-दहाची मुलं खूश होतात. पुस्तक झेपेल का हे पाहायला एक जुनी युक्ती: मधलं कुठलंही पान उघडायचं आणि न कळलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मोजायचं. एकाच पानात पाचही बोटं संपली तर ते सध्या मुलाला एकट्याने वाचायला देऊ नये, आपण वाचून दाखवावं. कठीण पुस्तक ऐकायला कठीण नसतं.

खेळवेड्या मुलांना मी क्वामी अलेक्झांडर यांचं ‘द क्रॉसओव्हर’ (२०१४) देते. बास्केटबॉल खेळणारे जुळे भाऊ, त्यांचे वडील, आणि सगळी कादंबरी मुक्त कवितेत. पानावर मोकळी जागा भरपूर, शब्द मध्येच उसळी घेतात, खाली घरंगळतात. ‘कविता’ म्हटलं तर ही मुलं हात लावणार नाहीत, म्हणून मी शब्दच काढत नाही. पान उघडून समोर धरते. शेवट दुःखाचा आहे, एवढं पालकांच्या कानावर मात्र घालते.

एका मुलाची आई

आमच्याकडे एक नियम आहे: पन्नास पानं वाचून रुचलं नाही तर पुस्तक खुशाल सोडायचं, कारण विचारलं जाणार नाही. तेव्हापासून मुलगा नवी पुस्तकं उघडायला कचरत नाही.

एक आजोबा

माझी नात कमी बोलते. लोकांसमोर तर नाहीच. तिला वीरा हिरानंदानी यांचं ‘द नाइट डायरी’ (२०१८) मिळालं. १९४७ची फाळणी, बारा वर्षांची निशा, तिचा जुळा भाऊ अमिल, हिंदू वडील आणि निशाच्या जन्मावेळीच गेलेली मुसलमान आई. मीरपूर खासहून जोधपूरकडे निघालेलं हे कुटुंब. निशा कुणाशी फारसं बोलत नाही, पण रोज रात्री आईला पत्रं लिहिते, आणि पुस्तक म्हणजे तीच पत्रं. लेखिकेला ही गोष्ट आपल्या वडिलांच्या कुटुंबाच्या अनुभवांतून सुचली.

फाळणीबद्दल नातीला कसं सांगावं, हा प्रश्न मला होताच. वाटेतल्या तहानेचे प्रसंग अवघड आहेत, म्हणून आम्ही ते शेजारी बसून वाचले. पण तिला धरून ठेवलं ते निशाच्या न बोलण्याने. “आजोबा, हिला कुणी बोल बोल म्हणून मागे लागत नाही ना, म्हणून ती लिहिते,” असं ती म्हणाली. पुढे तिने माझ्या टेबलावर चिठ्ठ्या ठेवायला सुरुवात केली. मीही चिठ्ठीनेच उत्तर देतो. दुःखाची पुस्तकं मुलांना देऊ नयेत, असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. मोठं माणूस जवळ असलं म्हणजे झालं.

वय वर्षं अकरा (आईने लिहायला सांगितलं, पण हे माझं मी लिहिलंय)

मला डेव्ह एगर्स यांचं ‘द आइज अँड द इम्पॉसिबल’ सगळ्यात आवडलं. ते २०२३ चं आहे आणि त्याला २०२४ चं न्यूबेरी पदक मिळालंय. योहानेस नावाचा मोकळा कुत्रा समुद्राजवळच्या मोठ्या बागेत राहतो. बागेत तीन म्हातारे गवे कुंपणात असतात आणि योहानेस त्यांचा डोळा असतो, म्हणजे रोज काय काय घडलं ते पाहून त्यांना सांगतो. तो पळण्याबद्दल खूप फुशारक्या मारतो, पण त्या खऱ्या वाटतात. त्यातली चित्रं म्हणजे जुनी निसर्गचित्रं आहेत आणि शॉन हॅरिस यांनी त्यात कुत्रा घातलाय. प्रत्येक चित्रात तो आधी शोधायचा, मग वाचायचं, असं मी केलं. सुरुवातीलाच लेखकाने सांगून ठेवलंय की यातले प्राणी म्हणजे माणसं नाहीत. मला ते फार बरं वाटलं, कारण नाहीतर गोष्ट संपली की मोठी माणसं विचारतात, यातून काय शिकलीस. ज्यात कुत्रा, घोडा किंवा कुठलाही प्राणी स्वतः बोलतो आणि शेवटी मरत नाही, अशी अजून पुस्तकं कुणाला माहीत असतील तर इथे लिहा. जाडं असलं तरी चालेल.