टेराफॉर्म अप्लाय केल्यावर राउट गायब होतात, त्याबद्दल

टेराफॉर्ममध्ये (क्लाउडमधली यंत्रणा कोड लिहून उभी करण्याचं टूल) एकदा अप्लाय केलं, म्हणजे कोडमधले बदल प्रत्यक्षात लागू केले, की पिअरिंगचा (दोन खासगी नेटवर्क जोडणारा) राउट उडतो, पुन्हा केलं की परत येतो, असा प्रश्न आलाय. हा एडब्ल्यूएसचा (ॲमेझॉनच्या क्लाउडचा) दोष नाही. राउट टेबल म्हणजे कुठलं ट्रॅफिक कुठे पाठवायचं याचा तक्ता; त्याच्या रिसोर्समध्येच (कोडमधल्या नोंदीतच) राउटचे ब्लॉक लिहिले की टेराफॉर्म तीच संपूर्ण यादी समजतं आणि यादीबाहेरचं काढून टाकतं. त्याच टेबलसाठी वेगळा राउट रिसोर्सही असेल तर दोघांची ओढाताण सुरू होते. आमच्याकडे १०.२०.०.०/१६ या पत्त्यांच्या गटाचा राउट असाच गेला, आणि डेटाबेस टाइमआउट का होतोय हे शोधण्यात दुपार गेली. प्लॅनमध्ये (अप्लायआधी टेराफॉर्म दाखवतं त्या बदलांच्या यादीत) राउट काढला जाणार असं सांगणारी वजा चिन्हाची ओळ स्पष्ट दिसत होती, कुणी वाचलीच नव्हती.

माझं मत विचाराल तर वेगळे रिसोर्सच ठेवा, प्रत्येक टीमला आपापला राउट सांभाळता येतो. फक्त वेगळ्या रिसोर्सवर जाताना घाई नको. आतले ब्लॉक पुसले म्हणून प्रत्यक्षातले राउट जात नाहीत, त्यामुळे नवा रिसोर्स थेट अप्लाय केला तर ‘राउट आधीच आहे’ अशी एरर येते. आधी प्रत्येक राउट इम्पोर्ट करा, म्हणजे असलेला राउट टेराफॉर्मच्या नोंदीत घ्या. त्यासाठी ओळख अशी द्या: राउट टेबलचा आयडी, अंडरस्कोर, मग डेस्टिनेशन. प्लॅन ‘काही बदल नाही’ म्हणेपर्यंत अप्लायला हात लावू नका.