रेडीच्या खाणीचा जुना इतिहास: मदत हवी आहे

मंडळी, जरा मदत करा. आमचे आजोबा वेंगुर्ला तालुक्यातल्या रेडीच्या लोहखनिजाच्या खाणीवर कामाला होते. घरात आता त्यांचा एक पत्र्याचा डबा आणि तांबड्या मातीचा डाग न गेलेला सदरा एवढंच उरलंय. त्या काळच्या कामगारांबद्दल चार पानं लिहून ठेवावीत, असं मनात आहे.

वाचायला बसलं की रेडी म्हणजे यशवंतगड, नाहीतर १९७६ साली खाणीच्या परिसरात सापडलेली द्विभुज गणपतीची मूर्ती. ते सगळं छानच, पण घमेली उचलणाऱ्या बायांबद्दल, हजेरीबद्दल, बंदरावर माल कसा भरायचे याबद्दल कोणी लिहीतच नाही! १८८० च्या रत्नागिरी-सावंतवाडी गॅझेटियरचा इथे उपयोग नाही, ते फार आधीचं.

दुसरी अडचण कागदांची. सिंधुदुर्ग जिल्हा झाला १ मे १९८१ ला, म्हणजे त्याआधीचं दप्तर रत्नागिरीचं. तिथे जुने खाणपट्टे किंवा सातबाऱ्यावरचे फेरफार कोणी काढलेत का? अर्ज कुठल्या टेबलावर द्यायचा? नागपूरच्या भारतीय खाण ब्युरोकडून जुने नकाशे मिळवल्याचा कोणाला अनुभव?

रेडी, शिरोडा, आरवली भागातल्या कोणाच्या घरी पगाराची चिठ्ठी, हजेरीचा बिल्ला, जुना फोटो असेल तर मोबाइलवर काढून पाठवा. आणि घरात म्हातारं माणूस असेल तर आधी त्यांना बोलतं करा, कागद काय, पुढच्या महिन्यातही मिळतील.